राणी, सुभेदार साहेब आणि एक जुना हुकूम



बंगळुरूच्या पोस्टिंगला दीड वर्ष झालं. आमच्या एएससी सेंटरपासून कोरमंगला फार लांब नाही. ट्रॅफिक नसेल तर पंधरा मिनिटं, पण ट्रॅफिक नेमकं कधी नसतं ते मला अजून कळलेलं नाही. तिथे 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं नॅशनल गेम्स व्हिलेज आहे. त्याच्या मागच्या गल्लीत आमच्या साताऱ्याकडचे एक निवृत्त नायब सुभेदार साहेब मुलाकडे राहतात. सगळी नोकरी आरव्हीसीत, म्हणजे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, कुत्र्यांचे हँडलर म्हणून. त्यांच्याकडे राणी होती. काळी लॅब्रॅडोर, लष्करात स्फोटकं हुंगायचं काम केलेली. तिची नोकरी संपल्यावर साहेबांनी अर्ज करून तिला मेरठहून दत्तक आणलं होतं.

फेब्रुवारीत राणी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. सगळ्यांना वाटलं मुरगळलं असेल. साहेब मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "कामाचं कुत्रं दुखणं लपवतं. हिनं दाखवलं म्हणजे फार आहे." एक्स-रे काढला. मनगटाच्या वरच्या हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हा आजार बऱ्याचदा आढळतो. पाय काढून केमोथेरपी दिली तर काही महिने मिळतात, पण छातीच्या एक्स-रेत फुप्फुसावरही डाग दिसले. डॉक्टरांनी नीट समजावलं: आता दुखणं आटोक्यात ठेवायचं, आणि ते आवरेनासं झालं की इंजेक्शन.

तो शब्द ऐकला आणि साहेब उठून बाहेर गेले. जिन्यात बसून राहिले. का, ते मला त्या रात्री कळलं. आणि तेच सांगायला आज लिहितोय.

आरव्हीसीची सुरुवात 1779 ची, बंगालमध्ये, घोड्यांच्या पैदाशीसाठी. कुत्री फार उशिरा आली. मेरठला कुत्र्यांचं प्रशिक्षण सुरू झालं 1960 साली. माग काढणं, सुरुंग शोधणं, बर्फाखालचा माणूस शोधणं, सगळं तिथे शिकवलं जातं. पण कुत्रं आठ-नऊ वर्षांचं झालं, कामाला निकामी ठरलं, की बहुतेकांच्या नशिबी दयामरणच असे. कारणं दोन सांगितली जात: त्यांना आपली ठिकाणं माहीत असतात, आणि काम नसलेल्या जनावराची देखभाल परवडत नाही.

साहेबांनी 1998 साली आपल्या शेराला स्वतः पट्टा धरून नेलं होतं. शेरा आजारी नव्हता. नजर थोडी कमी झाली होती, बस्स. "मी 'बैठ' म्हणालो आणि तो बसला," एवढंच त्यांनी मला सांगितलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेची सुमारे 4,000 कुत्री होती. त्यातली बहुतेक परत आलीच नाहीत, कारण कागदोपत्री ती जास्तीचं सामान होती. निवृत्त लष्करी कुत्र्यांना दत्तक देण्याचा कायदा तिथे नोव्हेंबर 2000 मध्ये झाला.

त्याच महिन्यात, 16 नोव्हेंबरला, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात मुंबई पोलिसांचा जंजीर गेला. त्यालाही हाडाचाच कॅन्सर होता. बच्चनच्या सिनेमावरून नाव ठेवलेला हा लॅब्रॅडोर. मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्या दिवसांत आणि नंतर जंजीरनं शोधलेला माल मोजला तर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसं. आज मुंबईत फिरणाऱ्या कितीतरी लोकांचे आईबाप त्याच्यामुळे वाचले असतील. त्याच्यावर उपचार झाले आणि शेवटी सरकारी इतमामात निरोप मिळाला. साहेबांनी तो फोटो पेपरात पाहिला होता. म्हणाले, "मला आनंदही झाला आणि रागही आला. शेराला दोन वर्षं झाली होती."

लष्करातलं चित्र बदललं 2015 नंतर. त्या वर्षी माहिती अधिकारातून ही पद्धत लोकांसमोर आली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सरकारनं नवं धोरण आणायचं मान्य केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मिरात तंगधारला मानसी ही लॅब्रॅडोर आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार एकाच चकमकीत गेले. मानसीला मरणोत्तर मेन्शन-इन-डिस्पॅचेस मिळालं. पुढे 2022 च्या ऑक्टोबरात झूमला दोन गोळ्या लागल्या, तेव्हा श्रीनगरच्या लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात डॉक्टरांनी त्याच्यासाठी शर्थ केली. 13 तारखेला तो गेला, पण सारा देश त्याच्या तब्येतीची बातमी विचारत होता. आता निवृत्त कुत्री दत्तक दिली जातात. राणी साहेबांच्या घरी आली ती याच बदलामुळे. तिला त्यांनी कधी हाताळलेलं नव्हतं, ती दुसऱ्या कुणाची तरी होती. तरी त्यांनी तिला मागून घेतलं.

म्हणून इंजेक्शन म्हटलं की त्यांना शेरा दिसायचा. घरचे म्हणत, "बाबा, तिला किती त्रास देता?" सून रडायची, मुलगा चिडायचा. मी आधी तेच म्हणालो आणि चुकलो. मग त्यांना पटवायचं सोडलं आणि कामं वाटून घेतली. दर रविवारी दवाखान्यात न्यायला मी. घसरू नये म्हणून फरशीवर जुन्या सतरंज्या टाकल्या. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात, म्हणून घरातला औषधांचा डबा वर ठेवला. आणि एक वही केली. जेवली का, स्वतःहून उठली का, शेपटी हलली का, रात्री झोपली का. साहेब नोकरीतल्यासारखे रोज दोन वेळा लिहायचे. त्यांची स्वतःची बीपीची गोळी चुकते हे त्याच वहीमुळे सुनेच्या लक्षात आलं. मग तोही एक रकाना वाढला.

एप्रिलच्या शेवटी सलग सहा दिवस सगळ्या रकान्यांत "नाही" आलं. सातव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "लेका, वही वाचली. डॉक्टरला घरीच बोलव."

राणी सतरंजीवर होती, डोकं त्यांच्या मांडीवर. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. साहेबांनी गळ्यातला पट्टा आधीच काढून ठेवला होता. "बैठ" म्हणाले नाहीत. कानामागे खाजवत राहिले. नंतर म्हणाले, "शेराला दुखत नव्हतं रे. हिला दुखत होतं."

एवढा फरक कळायला त्यांना पंचवीसहून जास्त वर्षं लागली, आणि तो त्यांचा त्यांनाच कळावा लागला. तुमच्या ओळखीत असा कुणी जुना हँडलर असेल तर निकाल सांगायला जाऊ नका. गाडी काढा, वही आणा, आणि त्याच्या आधीच्या कुत्र्याचं नाव विचारा.

साहेब बरे आहेत. गोळी वेळेवर घेतात. परवा गेलो तर मेरठच्या अर्जाचा कागद पुन्हा टेबलावर होता. मी काही विचारलं नाही.

जय हिंद.