बोंडले

नवरात्राचे घट बसण्यापूर्वी माळ्यावरची भांडी खाली उतरवायची, ही आमच्या वाईच्या घरची जुनी चाल. वर्षभर अंधारात पडलेले हंडे, पराती, समया ओसरीवर येतात, चिंच लावून लख्ख घासल्या जातात आणि दोन दिवस घराला लग्नघराची कळा येते. यंदा या सोहळ्यात माझ्याकडे फारसे काम नव्हते. मी माहेरी आले आहे ती दुसऱ्या बाळंतपणासाठी. नववा महिना लागलेला. वाकायचे नाही, उचलायचे नाही. तेव्हा पाटावर बसून धुतलेली भांडी पुसत होते.

एवढ्यात माझी सहा वर्षांची मुलगी एक चिमुकले भांडे नाचवीत आली. "आई, ही एवढीशी किटली कोणाची गं?"

ते बोंडले होते. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते : मुठीत मावेल असे वाटीसारखे भांडे आणि त्याला पुढे निमुळती चोच. तान्ह्या मुलाच्या ओठांशी ती चोच धरून थेंब थेंब दूध पाजायचे. बाटल्या येण्यापूर्वी घरोघर असे एखादे बोंडले असे. मी इतिहास शिकविते. जुनी वस्तू हाती आली की तिची उलटसुलट चौकशी करण्याची मला खोड आहे. पण त्या दिवशी माझ्या मनात आलेला प्रश्न प्राध्यापिकेचा नव्हता. जर प्रत्येक आईला पान्हा फुटतो, आणि प्रत्येक आई मूल आनंदाने छातीशी धरते, तर घरोघर ही बोंडली कशासाठी होती?

आता एक कबुली देते. या बाळाला अंगावर पाजण्याच्या कल्पनेने मला आनंद होत नाही, धास्ती वाटते. पहिल्या खेपेला छातीला चिरा पडल्या, पुढे छाती दाटून ताप भरला. मूल रडू लागले की माझे तळवे गार पडत. चाळिसाव्या दिवशी मी पाजणे थांबविले आणि सर्वांना सांगितले, "दूध आटले." ते खरे नव्हते. मी थकले होते आणि घाबरले होते. परंतु "दूध आटले" असे म्हटले की लोक हळहळतात, "मला नको" असे म्हटले की लोक पाहत राहतात. सहा वर्षे मी ते खोटे जपले. आता पुन्हा तीच वेळ येणार, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे सोबत शोधायला इतिहासात शिरले.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ आणि शेवट हिरकणीपाशी होतो. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल. ती कडा उतरून गेली आणि त्या कड्यावर महाराजांनी बुरूज बांधला. त्या रात्री कोजागिरी होती, असेही कित्येक सांगतात. ही आख्यायिका आहे, तिला कागदाचा आधार नाही. पण बुरूज आहे, आणि मराठी आईच्या मनातही एक बुरूज आहे. लहानपणापासून मी त्याच्याकडे मान वर करून पाहत आले. एवढेच की, तो कडा उतरू न शकणाऱ्या बाईविषयी गोष्ट काही बोलत नाही.

तिच्याविषयी जरा दुसरीकडे शोधावे लागते. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती खालावली होती. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1659 मध्ये, त्या राजगडावर वारल्या. बाळराजांसाठी दूधआई आली ती कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची धाराऊ. पुणे–सातारा रस्त्याने जाताना हे गाव लागते. मी कित्येकदा तेथून गेले आहे. आता गेले की मनात येते, धाराऊ गडावर निघाली तेव्हा तिच्या उंबऱ्यात कोण रडत होते? तिच्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, अंतोजी आणि रायाजी. पुढे ती स्वराज्याच्या चाकरीत आली. त्यांच्या वाट्याच्या दुधाचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दाई कशी निवडावी हे सांगितले आहे : मध्यम वयाची, निरोगी, लोभी नसलेली, मायाळू, आणि जिचे स्वतःचे मूल जिवंत आहे अशी. हा शेवटचा गुण वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. पुन्हा उघडले तेव्हा त्याच अध्यायात दुसरे एक वाक्य दिसले. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी स्त्रीचे दूध नाहीसे होते, असे ते सांगते. यातल्या तिसऱ्या कारणाने मला दुखावले. पण पहिल्या दोन कारणांनी दिलासाही दिला. वेदना आणि चिंता यांनी पान्हा अडतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात. म्हणजे बाईच्या मनाचा आणि दुधाचा संबंध आपल्या पूर्वजांनी ओळखला होता. तिचे मन स्वस्थ कसे ठेवावे, एवढेच पुढे घरोघरी विसरले गेले.

पश्चिमेकडे पाहावे तर निराळीच तऱ्हा. 1780 मध्ये पॅरिसचा पोलीस अधिकारी लेनवार याने एक अंदाज लिहून ठेवला : शहरात वर्षाला सुमारे 21,000 मुले जन्मतात, त्यांपैकी जेमतेम हजारांना स्वतःच्या आईचे दूध मिळते, आणखी हजारांसाठी दाई घरी ठेवली जाते, आणि उरलेली खेड्यापाड्यांत दायांकडे धाडली जातात. यात केवळ श्रीमंतांचे नखरे नव्हते. कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या बायकांना दिवसभर काम करावे लागे. मूल गावी पाठविल्याखेरीज चूल पेटत नसे. पुष्कळ मुले परत आलीच नाहीत. त्याच्या अठरा वर्षे आधी, 1762 मध्ये, रूसोने 'एमिल' लिहून आयांना बजावले होते की, त्यांनी आपली मुले स्वतः पाजली की समाज आपोआप सुधारेल. हाच रूसो आपली पाचही मुले अनाथालयात सोडून आला होता! आयांना कर्तव्य शिकविणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. रात्री दोन वाजता उठणाऱ्यांची त्यात गर्दी नाही.

या धुंडाळ्यात मला एकच बाई अशी भेटली की जिच्याशी बोलावेसे वाटले. इंग्लंडमधील लिंकनची उमरावीण एलिझाबेथ क्लिंटन. तिला अठरा मुले झाली, आणि तिने एकालाही स्वतः पाजले नाही. म्हातारपणी, 1622 मध्ये, तिने एक लहानसे पुस्तक छापून आयांनी मुलांना स्वतः पाजावे असे कळकळीने सांगितले. ते तिने अर्पण केले सुनेला. कारण सून आपले मूल स्वतः पाजत होती. आपले का चुकले हेही ती लिहिते : काही अंशी दुसऱ्याच्या अधिकारापुढे माझे चालले नाही, काही अंशी चुकीचा सल्ला मिळाला, आणि काही अंशी मीच नीट विचार केला नाही. चारशे वर्षांपूर्वीची ही बाई स्वतःवर सगळा दोष घेत नाही आणि सगळा टाळतही नाही. असा समतोल मला सहा वर्षांत साधला नव्हता.

मग आला डब्यांचा काळ. 1867 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले याने बाळांसाठी पीठ तयार केले आणि शंभर वर्षांत असे डबे जगभर पसरले. 1939 मध्ये सिंगापुरात सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी भर सभेत सांगितले की, गरीब आयांना गोड आटीव दूध बाळासाठी उत्तम म्हणून खपविणे म्हणजे मुलांची हत्या आहे. स्वच्छ पाणी नाही, डबा पुरवायला पैसा नाही, म्हणून पातळ करून पाजायचे. त्यात बाळ खंगे. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विक्रीला नियम घातले, आणि 1992 मध्ये आपल्या देशाने अशा दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. मी स्वतः डब्याच्या दुधावर मुलगी वाढविली आहे. ती छान आहे. पण माझ्याकडे उकळलेले पाणी होते आणि महिनाअखेर दुसरा डबा आणायला पैसे होते. हा फरक मी विसरू नये.

हे सगळे वाचून झाल्यावर एका दुपारी बोंडले घेऊन आजीपाशी बसले. "आजी, हे कोणासाठी आणले होते?"

"तुझ्या आजोबांसाठी," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंचे पहिलटकरपण. मूल जवळ घेतले की त्यांच्या अंगावर काटा येई, रडू फुटे. त्यांची जाऊ लेकुरवाळी होती, तिने दोघांना पाजले. मध्येच बोंडल्याने गाईचे दूध. आणि थोरल्या सासूबाईंनी गावभर सांगून टाकले, सुनेला दूधच आले नाही म्हणून."

"आणि खरे काय होते?"

"दूध होते गं. धीर नव्हता. पुढच्या मुलांना पाजले की त्यांनी! तेव्हा जाऊबाई रात्री शेजारी बसायच्या."

मी विचारले, "मग सहा वर्षांपूर्वी मला का नाही सांगितलेस?"

"तू फोनवर म्हणालीस दूध आटले. मी ओळखले. पण तू झाकलेस ते मी कशाला उघडू?"

माझ्या पणजीचे खोटे आणि माझे खोटे शब्दाला शब्द सारखे! जुन्या कागदांत "आईस दूध नव्हते" असे वाचले की यापुढे मी जरा थांबेन. काही ठिकाणी दूध खरेच नसेल. काही ठिकाणी फक्त धीर नसेल, आणि धीर नाही असे लिहिण्याची सोय नसेल. पाजायचे कोणी, यावर शास्त्रे, उमराव, तत्त्ववेत्ते आणि कारखानदार यांनी पुष्कळ सांगितले. पाजणारीच्या शेजारी बसायचे कोणी, हे पणजीच्या जावेला न सांगता कळले होते.

म्हणून यंदा मी तयारी निराळ्या तऱ्हेने केली आहे. अळिवाचे लाडू आई करतेच आहे, त्यांना माझी ना नाही. पण त्याहून मोठी तयारी म्हणजे मी खरे सांगून टाकले. डॉक्टरीणबाईंना सांगितले, मला भीती वाटते. त्या रागावल्या नाहीत. मूल नीट धरले नाही, त्याने तोंड पुरेसे मोठे उघडले नाही, म्हणजे चिरा पडतात, हे त्यांनी बाहुली घेऊन दाखविले. पहिल्या तासातच बाळ छातीशी द्यायचे, चीक वाया घालवायचा नाही, आणि दुखले तर त्याच दिवशी बोलवायचे, दात खाऊन सोसायचे नाही. काढलेले दूध द्यावे लागले तर वाटी-चमच्याने. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्धपेढी आहे हेही त्यांनी सांगितले. एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळते आणि धाराऊला घर सोडावे लागत नाही. घरधन्यांनी महिनाभर रजा काढली आहे. रात्री मूल उचलून माझ्याजवळ आणणे, नंतर ढेकर काढणे, ही कामे त्यांची.

नकोसे वाटणे गेले का? नाही. ते आहे. फक्त आता ते एकटे नाही. यंदा प्रयत्न करणार. जमले तर बरे, न जमले तर जे झाले ते जसेच्या तसे सांगणार. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बाळ माझ्या हाती असेल.

बोंडल्याच्या चोचीच्या आतून नीट घासता येत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ते वापरू नका म्हटले आहे. ते आता माझ्या मुलीने घेतले आहे. रोज सकाळी ती त्याने तुळशीला पाणी घालते, थेंब थेंब, अगदी सावकाश.