धुराची चाकरी

दिवाळीच्या फराळापुढे यंत्राचा इतिहास वाढणे म्हणजे चिवड्यात खिळे मिसळणे, असे मत आमच्या घरी पडले आहे. तरीही हे लिहावयाचे आहे, कारण या इतिहासाच्या एका वळणावर आम्ही चौघे मित्र थोडक्यात वाचलो.

चौघांपैकी एक लेथवरचा टर्नर, एक बँकेत, एक शाळामास्तर आणि चौथा मी. २००९ साली वर्गणी काढून आम्ही टर्बोची एक जुनी डिझेल गाडी घेतली. हेतू प्रवासाचा नव्हता. ती उघडून पाहण्याचा होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नरची पत्र्याची शेड होती. दर रविवारी तिथे आमचे हात कोपरापर्यंत काळे होत. बायका याला 'श्रावण सोमवारासारखे काळे रविवार' म्हणत.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाने टाकून दिलेल्या धुराकडून करून घेतलेली चाकरी. धूर तापलेला आणि वेगात बाहेर पडतो. तो एका पंख्यावर सोडतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जाळता येते आणि जोर वाढतो. हा बोटाएवढा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. तो थर गेला की सारेच गेले.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्याने पेटंट घेतले, पण त्या उष्णतेला पुरे पडेल असा धातूच तेव्हा नव्हता. जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ती कल्पना यशस्वी व्हायला वीस वर्षे गेली. दरम्यान १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या गृहस्थाने विमानाचे एक लिबर्टी इंजिन मोटारगाडीवर लादून पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर नेले. उंची चौदा हजार फूट; आपली अडीच कळसूबाई एकावर एक! समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. विद्वानांनी डोंगर चढून सिद्ध केलेल्या गोष्टी मला नेहमीच जास्त पटतात.

घरगुती मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली. त्या वर्षी अमेरिकेत दोन गाड्या निघाल्या; त्यांतल्या ओल्ड्समोबिल जेटफायरची कथा मला फार चटका लावते. साडेतीन लिटरचे ॲल्युमिनियमचे इंजिन आणि जोर २१५ अश्वशक्ती. पण दाबलेली हवा तापते, आणि तापल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिन ठोकू लागते. त्यावर उपाय म्हणून एक बाटली दिली होती. तिच्यातले शुद्ध पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण हवेबरोबर आत फवारले जाई आणि ती हवा थंड करी. मालकाने एवढेच करावयाचे की बाटली भरलेली ठेवायची. मालक ती भरीनात. बाटली रिकामी झाली की एक झडप जोर कमी करी, आणि मग गाडीत दम नाही अशी तक्रार घेऊन लोक दुकानदाराच्या दारात. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या निघाल्या आणि काम संपले. पुढे कंपनीने टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोय केली. पुष्कळांनी ती घेतली. आज तिथले हौशी लोक तेच काढून टाकलेले भाग शोधत फिरतात.

ही कथा मीच एका रविवारी शेडमध्ये रंगवून सांगितली होती. मालकांच्या आळसाला आम्ही मनसोक्त हसलो, आणि त्याच दुपारी आमच्या गाडीच्या डिझेल पंपाचे सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरवला. टर्बोचा दाबही वाढवला. हे २०१० सालचे.

पुढच्या रविवारी करूळ घाट चढलो. मास्तरांचा दहा वर्षांचा मुलगा बरोबर होता. गाडी अशी उचलत होती की बँकवाला गाऊ लागला. मागे काळा धूर होता, पण मागे पाहतो कोण? गगनबावड्याला चहाच्या टपरीपाशी थांबलो आणि लालभडक तापलेला टर्बो तसाच असताना किल्ली फिरवली. तेलाचा प्रवाह थांबला. आत राहिलेले तेल जळून कोळसा झाले.

चहा पिऊन गाडी सुरू केली. पंख्याच्या शिट्टीऐवजी खरखर ऐकू आली, निळा-पांढरा धूर सुटला आणि इंजिन आपोआप चढू लागले. मी किल्ली काढून हातात घेतली, तरी ते धावतच होते. टर्बोतून गळणारे स्वतःचेच तेल पिऊन ते पळत होते. मास्तर मुलाला घेऊन बाहेर पडले. टर्नर ओरडला, "ब्रेक दाब गड्या, चौथा टाक, क्लच सोड!" मी तसे केले. गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन गप्प झाले. माझे पाय त्यानंतर बराच वेळ थरथरत होते.

महिनाभर आमची बोलाचाली नव्हती. स्क्रू कोणाच्या हाताने फिरला यावर वाद होता. फिरवावा असे चौघांनाही वाटले होते, हे कोणी बोलेना. शेवटी बँकवाल्याने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून दाखवले. कंपनीने दिलेल्या घडणीत असे मनमानी फेरफार करता येत नाहीत, हे तोवर आमच्या गावीही नव्हते. मग आम्ही टर्बो उघडला. तेलाची बारीक नळी कोळशाने जवळजवळ बुजली होती. टर्नरने दांडा हातात धरून पाहिला आणि आपल्या लेथवर हे जमणार नाही असे स्वतःच सांगितले. त्याला ते जड गेले. आतला गाभा नवा आणला, नळी बदलली, पंप जाणत्याकडे नेऊन मूळ मापावर आणला आणि पुन्हा सील करून घेतला.

गाडी अजून शेडमध्ये आहे. घाट चढून आल्यावर मास्तर इंजिन तसेच मंद चालू ठेवतात आणि शंभरापर्यंत मोजून मगच किल्ली फिरवतात. त्यांचा मुलगा आता मोठा झाला आहे. तो मागच्या सीटवर बसून मुद्दाम सत्तरनंतर एकदम नव्वद म्हणतो, आणि मास्तर पुन्हा एकपासून सुरुवात करतात.