परक्या धान्याची भाकरी आणि आपल्या गृहिणी

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी प्रथम वळते ती मूळ गाव, कुलदैवत, वतने आणि कर्तबगार पुरुष यांच्याकडे. आपल्या स्मरणिकेत असे लेख पुष्कळ येऊन गेले आणि ते आवश्यकच होत. परंतु ज्या चुलींवर ही सर्व कुळे पोसली गेली, त्या चुलींनाही एक इतिहास आहे. तो मात्र कोणी लिहिलेला नाही. त्याविषयी चार शब्द ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावेत, अशा हेतूने हा अल्प प्रयत्न आहे.

आपले खानदेशी जेवण म्हणजे वाडवडिलांपासून, किंबहुना अनादिकालापासून चालत आलेले, अशी आपली समजूत असते. ती तपासून पाहण्यासारखी आहे. मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याचे कूट यांवाचून आपला स्वयंपाक आज होत नाही. पण मिरची काय, भुईमूग काय, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. इ. स. १४९२ मध्ये कोलंबस त्या खंडाच्या किनाऱ्याला लागला आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्याकडे आली. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या १२९० सालच्या महाराष्ट्रात मिरचीचे रोप औषधालाही नव्हते. तिखटपणासाठी मिरे, पिंपळी, सुंठ यांवरच भागत असे.

मग ही परदेशी पाहुणी आपल्या घरची कधी झाली? ज्या बाईने पहिल्यांदा ते लाल बोंड पाट्यावर वाटून कालवणात घातले, तिचे नाव कोणत्याही बखरीत नाही. मात्र तिची खूण भाषेत राहिली आहे. नवी वस्तू हाती आली की तिला ओळखीच्या वस्तूच्या नात्यात बसवावयाचे, ही आपली जुनी रीत. मिऱ्यासारखी झोंबते म्हणून मिरची; जमिनीत धरतो म्हणून भुईमूग. सीताफळ व रामफळ हीदेखील मूळची अमेरिकेचीच, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. त्यांना तर आपण प्रत्यक्ष रामायणातली नावे दिली. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडेच पाहा. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि बटाटा, हे चारही जिन्नस समुद्रापलीकडून आलेले आहेत. तरी ती खिचडी उपासाला चालते, आणि तिच्या पावित्र्याविषयी कोणी शंका घेत नाही.

मराठीत पाकशास्त्राचे ग्रंथ झाले नाहीत असे नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघाले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाले व घरोघर पोहोचले. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु सर्व साहित्य घरात आहे, असे धरूनच असे ग्रंथ लिहिले जातात. घरात काहीच नाही आणि जे आहे ते ओळखीचे नाही, अशा वेळी काय करावे, हे त्यांत सापडत नाही. ‘रुचिरा’ निघाल्यास फार काळ लोटला नव्हता, तोच तसा प्रसंग महाराष्ट्रावर येऊन पडला.

१९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेच. आधीची दोन वर्षे हलकी गेली होती. त्या वर्षीचा पावसाळा तर कोरडाच गेला म्हणावयाचा. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आमच्या नरडाण्याच्या शिवारात ज्वारीची ताटे गुडघ्याएवढी होऊन करपली. आम्ही त्या वेळी शाळेत जाणारे पोर होतो. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे अशा कामांवर होती. आमचे वडील व मातोश्री दिवसभर खडी फोडीत, आणि संध्याकाळी मातोश्री घरी येऊन चूल पेटवीत.

त्याच सुमारास स्वस्त धान्याच्या दुकानात ‘मिलो’ आला. मिलो म्हणजे परदेशातून आणलेली तांबडी ज्वारी. तसे पाहता तिचे कूळ आपल्याच ज्वारीचे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली, आणि तिचीच एक शाखा पुढे अमेरिकेत गेली. परंतु दारात आलेले हे भावकीतले माणूस ओळखू येईना. दाणा कठीण, रंग विटकरी. गावात अफवा उठली की हे जनावरांचे खाद्य आहे, खाल्ले तर माणूस आजारी पडतो.

पहिल्या दिवशीचा प्रसंग आम्हांस लख्ख आठवतो. पीठ रवाळ, परातीत थापू लागताच भाकरीच्या कडा फाटत, आणि तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे होत. तसलीच भाकरी आमच्या ताटात आली. आम्ही ताट सरकविले व रडू लागलो. मातोश्री काही बोलल्या नाहीत. ते तुकडे त्यांनी स्वतःच खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधण ठेवून उकळत्या पाण्यात पीठ कालविले. भाकरी जुळली, परंतु निवताच खापरीसारखी कडक झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी उतरंडीतील गाडगे उघडले व मूठभर उडीद काढून मिलोबरोबर जात्यावर दळले. ते उडीद बियाण्याचे होते. वडील संतापले. त्यावर त्या आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, “मानसे जगतीन, तवय पेरतीन.” त्या रात्री भाकरी अखंड उतरली, आणि आम्ही दोन खाल्ल्या.

यात जादू नव्हती. ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करणे ही खानदेशाची जुनी विद्या. गव्हात असतो तसा चिवट अंश ज्वारीत नाही. उकळते पाणी आणि उडदाचा चिकटपणा मिळून ती उणीव भरून निघते. हे शास्त्र मातोश्रींना कोणी शिकविले नव्हते. ओळखीच्या रीतीने अनोळखी धान्य वश करावयाचे, एवढे त्या जाणत होत्या. घरोघरच्या माउल्यांनी त्या वर्षी असेच काही ना काही केले असले पाहिजे. सुगी आली तसा मिलो गेला. त्याला मराठी नाव काही मिळाले नाही. संकरित ज्वारीची सी. एस. एच. १ ही जात १९६४ मध्येच निघालेली होती. पुढे संकरित ज्वारी आमच्याकडेही आली. तिच्या भाकरीला गोडी नाही अशी तक्रार घरोघर होती, आणि तिलाही गृहिणींनीच निभावून नेले.

पुढे आम्ही शिक्षक झालो आणि सेवानिवृत्त होईपर्यंत मुलांना इतिहास शिकविला. १९७२ चा दुष्काळ शिकविताना आकडे सांगितले, कारणे सांगितली, शासनाच्या योजना सांगितल्या. त्या गाडग्यातल्या उडदाची गोष्ट मात्र वर्गात एकदाही सांगितली नाही. ती इतिहासात बसते, असे आम्हांस वाटलेच नाही. मातोश्री हयात असता, किती मिलोला किती उडीद घातले हेही आम्ही विचारले नाही. आज ते सांगावयास कोणी उरले नाही. ही चूक आमची आहे, आणि ती कबूल करण्यासाठीच हा लेख लिहिला.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरांतूनही ज्वारी-बाजरीची थोरवी सांगितली जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या सुना-लेकी पुण्या-मुंबईस, सुरतेस, काही तर परदेशी गेल्या आहेत. तिकडच्या दुकानात मिळेल त्या पिठाची भाकरी थापून पाहताना पहिल्या चार भाकऱ्या मोडल्या, तर त्यांनी खट्टू होऊ नये. त्यांच्या आज्यांच्याही मोडल्या होत्या.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र विनंती. प्रतिवर्षीच्या स्मरणिकेत वधू-वर सूची व देणगीदारांची नामावली असते, तशीच दोन पाने आपल्या वृद्ध मातांसाठी राखून ठेवावीत. कोणत्या टंचाईत कोणते नवे धान्य घरात आले, त्याचे काय केले, काय बिघडले, काय साधले, हे त्यांच्या तोंडून ऐकून, प्रमाणासह व नावगावासह, नातवंडांनी लिहून पाठवावे. ज्यांच्या घरी अशी माउली आज हयात आहे, त्यांनी पुढच्या अंकाची वाट पाहू नये; आज संध्याकाळीच वही घेऊन तिच्याजवळ बसावे.