नकाशाची नोंद

ग्रंथपालाच्या हाती आलेला ग्रंथ आपली ओळख शीर्षकपृष्ठावर स्वतःच सांगतो. नकाशाचे तसे नाही. तो कोणी काढला याआधी तो कोठला आणि किती प्रमाणाचा, हे वाचकास हवे असते. आणि नेमकी याच गोष्टींसाठी ग्रंथसूचीच्या जुन्या कार्डावर पुरेशी सोय नव्हती. त्यातून गावांची नावे चंचल. बडोदे, बरोडा, वडोदरा ही एकाच नगराची तीन रूपे कार्डांच्या तीन निरनिराळ्या खणांत जावयाची.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हरॅम यांनी १९६०च्या दशकात ‘मार्क’ ही संगणकाला वाचता येणारी नोंदपद्धती सिद्ध केली. तिच्यातील ०३४ क्रमांकाच्या रकान्यात नकाशाचे प्रमाण आणि चारही सीमांचे अक्षांश-रेखांश लिहिता येतात. नाव बदलले तरी स्थळ ढळत नाही.

पुढे नकाशा कागद सोडून संगणकीय संचिकांत आला. एस्री या अमेरिकन कंपनीच्या प्रसिद्ध ‘शेपफाइल’मध्ये किमान तीन संचिका असतात : आकृतींची, त्यांच्या अनुक्रमाची व माहितीच्या कोष्टकाची. त्या कोष्टकातील रकान्यांची नावे दहा अक्षरांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे ती बहुधा कोड्यासारखी दिसतात. अशा संचिकेवरून सूचीची नोंद करताना सीमांचे आकडे यंत्र आपोआप उचलते. मात्र ते आकडे कोणत्या मोजणीच्या आधारावर उभे आहेत, हे सांगणारी चौथी संचिका ऐच्छिक आहे, आणि गोम येथेच आहे.

भारतात तर ही गोम जुनी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ आरंभिलेली महामोजणी करीत असता १८२३ साली तो आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे माप ठरविले, त्यावर सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे आधारलेले आहेत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगाच्या नकाशांना डब्ल्यूजीएस-८४ हा जागतिक आधार दिला. दोन्ही आधारांवर अक्षांश-रेखांशांचे आकडे तेच असले तरी भूमीवरील बिंदू निराळा पडतो. नोंदीत आधार लिहिला नसेल, तर एकाची विहीर दुसऱ्याच्या शेतात दिसावयास वेळ लागत नाही. आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या समाजात ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

१९९४ साली अमेरिकेच्या संघीय भौगोलिक समितीने व २००३ साली आयएसओने १९११५ क्रमांकाने अशा नोंदींचे मानक प्रसिद्ध केले. दोहोंत ‘लिनिएज’, म्हणजे वंशावळ, असा एक भाग आहे : मूळ मोजणी कोणाची, कागदावरून संगणकात ती कशी उतरली, मध्ये काय फेरफार झाले. सीमांचे आकडे यंत्र क्षणात भरते. वंशावळ मात्र ज्याने नकाशा हाताळला त्यानेच लिहावी लागते, आणि तीही तो माणूस हयात व कामावर असेपर्यंतच.