तंबू कोण ठोकतं?

आफ्रिकन सफारीचे फोटो आता आपल्याही मित्रमंडळींकडून यायला लागलेत. बाहेर सिंह, आत पलंग, गालिचा, गरम पाण्याची आंघोळ आणि भिंती मात्र कापडाच्या! बघणाऱ्याला हे सगळं साहेबी वाटतं. पण 'सफारी' हा स्वाहिली शब्द मुळात अरबी 'सफर'वरून आलेला, आणि तंबूतली चैन तर आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच मुरली होती.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही छावणीचा चक्क हिशेबच दिलाय. एका मुक्कामाचं सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल. उभारायला 1000 फरास. शिवाय पाणके, सुतार, मशालजी, आणि 150 झाडूवाले. या सगळ्यातून काय उभं राहायचं, तर 'गुलालबार' नावाचं भलंमोठं कापडी आवार आणि त्यात अठरा खांबांवरचा दुमजली डेरा. (पुण्याच्या फरासखान्याच्या नावात हेच फरास आहेत, बरं का!)

खरी गंमत पुढेच आहे. 1664 मध्ये औरंगजेबाबरोबर काश्मीरकडे निघालेला फ्रेंच डॉक्टर बर्निए सांगतो की तंबूंचे दोन संच असत. बादशहा एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. त्याला म्हणत पेशखाना. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डबल बफरिंग म्हणतो :-) बादशहाला वाट म्हणून बघावी लागत नसे. माझ्या मते चैन ती हीच, गालिचे वगैरे नंतर.

हाच औरंगजेब पुढे दख्खनेत आला आणि 1707 मध्ये अहमदनगरच्या छावणीतच मेला. पंचवीसेक वर्षं मुक्काम हलवतच गेली. 1695 मध्ये कृष्णाकाठी गलगले इथली छावणी पाहून इटालियन प्रवासी कारेरीने तिचा घेर तीस मैल आणि बाजार अडीचशे लिहिलेत. आकडे थोडे फुगवले असतील, तरी आसपासच्या रानात गवताची काडी तरी उरली असेल का? संताजी घोरपड्यांनी बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेल्याची बखरीतली गोष्ट आपल्याला पाठ असते. त्या वाटेवरच्या शेतांचं काय झालं, ते मात्र कुणी शिकवत नाही.

इंग्रजांनी तीच सवय उचलली, लहान आकारात. हिवाळा आला की कलेक्टर तंबू घेऊन जिल्ह्यात फिरतीला निघे. आमचा नांदगाव तालुका म्हणजे तर पाणी कमी, पिकं बेताची. साहेबाचा मुक्काम पडला की गाड्या, सरपण, गवत, दूध कुठून यायचं? गावातून! पैसे मिळाले तर मिळाले, नाहीतर वेठ. त्यातही मोठा भार महार वतनदारांवर. सरकारी कामाला रात्री-अपरात्री हजर राहायचं, आणि त्याबदल्यात तुटपुंजी वतन जमीन. हे बदलावं म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 उजाडलं.

आफ्रिकेतही वेगळं नव्हतं. 1909 मध्ये रूझवेल्ट शिकारीला गेला, तेव्हा तंबू-सामान दोनशेहून जास्त हमालांच्या डोक्यावर होतं. केनियात 1977 मध्ये शिकारीवर बंदी आली. बंदुका गेल्या, तंबू राहिले. अनेक कॅम्पांत गरम पाणी आजही माणूसच बादलीने आणतो आणि तंबूमागच्या टाकीत ओततो.