अंबरनाथच्या देवळावर, वरून

सकाळचे सात वाजलेत. तुम्ही ड्रोनने देवळाचे फोटो घ्यायला आला आहात. देऊळ पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात, गावात ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यात 2021चे ड्रोन नियम. तेव्हा परवानगीचे कागद तुमच्या खिशात आहेतच. अंगणात काळ्या-पांढऱ्या खुणांचे चौकोन मांडून त्यांच्या जागा जीपीएसने मोजून घेतल्या आहेत. ड्रोन उठतो, रांगेरांगेने फिरतो. एका फोटोतला तीन चतुर्थांश भाग पुढच्यात पुन्हा यायला हवा, नाहीतर संगणकाला दगडाला दगड जुळवता येत नाही.

पडद्यावर बघा. सभामंडप आणि गाभारा, दोन तिरपे चौकोन, कोपऱ्याला कोपरा भिडवलेले. खालून कितीही प्रदक्षिणा घाला, हे दिसत नाही. शिखराचा माथा उघडा आहे. सुमारे वीस पायऱ्या खाली असलेल्या गाभाऱ्यावर थेट आभाळ.

आता काळ मागे सरू द्या. वालधुनीच्या काठावरच्या इमारती विरतात. 1947 नंतर सिंधी निर्वासितांनी ज्यांत संसार थाटले, त्या उल्हासनगरच्या लष्करी बराकी दिसतात, मग त्याही जातात. उरतात ती भातखाचरं आणि पळसदरीकडे जाणारे रूळ.

1868 साल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मुलं आपल्या टेरी मास्तरांबरोबर आली आहेत. सरकारने नकाशे, छायाचित्रं आणि मूर्तींचे साचे मागवले आहेत. तुम्ही त्यांच्यात उभे आहात. हाताला ओल्या प्लास्टरचा गारवा लागतोय. शिडीवरचा पोरगा आकडे ओरडतो, खालचा लिहून घेतो. तुमच्याकडे आभाळ आहे, त्याच्याकडे फक्त शिडी. पण तो छज्ज्याच्या पोटाखालची नक्षी टिपतोय, आणि वरून पाहणाऱ्या तुमच्या कॅमेऱ्याला ती कधीच दिसणार नाही. त्यांचे नकाशे 1874च्या 'इंडियन अँटिक्वरी'त छापले गेले. कुठला चेहरा तेव्हा शाबूत होता आणि नंतर झिजला, हे आज ताडून पाहता येतं ते या मुलांमुळे. मला त्यांचं फार मोल वाटतं.

आणखी मागे. शके 982, इ.स. 1060. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात उत्तर दाराच्या आत शिलालेखाची अक्षरं कोरली जाताहेत. थांबू नका, त्याही आधी चला, भिंती उठण्यापूर्वी. बहुतेक माम्वाणीच्या आधीच्या छित्तराजाचं राज्य. साफ केलेल्या जमिनीवर सूत्रधार दोरी ताणतोय. एक चौकोन, त्याच्या कोपऱ्याशी दुसरा. मघाशी पडद्यावर पाहिलेली आकृती अजून नुसती सुतात आहे, आणि जमिनीवर उभं राहून ती इतकी पूर्ण पाहणारा हा शेवटचा माणूस. उद्यापासून दगड चढतील.

बॅटरी वीस टक्क्यांवर आलीय. ड्रोन उतरवा. तिन्ही दारांपुढच्या मुखमंडपांची छतं अजून राहिली आहेत. ती हातातल्या कॅमेऱ्यानेच घ्यावी लागतील, मान वर करून, दर्शनाची रांग लागायच्या आत.