ब्रुकलिनचे एकुलते एक विजेतेपद

१९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३. ब्रुकलिन डॉजर्सच्या चाहत्यांना ही वर्षे पाढ्यासारखी पाठ होती. या पाचही वर्षी त्यांचा बेसबॉल संघ वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत पोचला आणि पाचही वेळा न्यूयॉर्क यांकीजकडून हरला. यांकीजचे मैदान त्याच शहरातल्या ब्राँक्समध्ये, त्यामुळे पराभवानंतर चिडवणारेही घरचेच असत. ‘थांबा, पुढच्या वर्षी बघा!’ हे ब्रुकलिनचे ठरलेले उत्तर.

१९५५ साली डॉजर्सनी सुरुवातच अशी केली, की बाकीच्यांना श्वास घ्यायला सवड मिळाली नाही. पहिले दहा सामने ओळीने जिंकले. पहिल्या चोविसांपैकी बावीस. ८ सप्टेंबरलाच नॅशनल लीगचे अजिंक्यपद त्यांच्या नावावर लागले. ड्यूक स्नायडरने ४२ होम रन मारले. कॅचर रॉय कॅम्पनेला तिसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डॉन न्यूकम पिचर म्हणून २० सामने जिंकला आणि वर फलंदाजी करत ७ होम रनही ठोकून गेला. कॅम्पनेला आणि न्यूकम हे दोघे कृष्णवर्णीय. १९४७ मध्ये याच संघाने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली होती, त्याचे हे फळ.

वर्ल्ड सिरीजमध्ये समोर पुन्हा यांकीजच. पहिल्या सामन्यात छत्तिशीतल्या रॉबिन्सनने पिचर चेंडू टाकत असतानाच धावत सुटून थेट होम प्लेट गाठली. त्याला नाबाद ठरवल्यामुळे यांकीजचा कॅचर योगी बेरा पंचावर संतापला, पण निर्णय बदलला नाही. डॉजर्स मात्र तो सामना ५-६ असा हरले आणि दुसराही. पहिले दोन सामने गमावून सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज तोवर कोणीच जिंकली नव्हती.

मग डाव घरच्या एबेट्स फील्डवर आला. तिसऱ्या सामन्यात व्यवस्थापक वॉल्टर अल्स्टन यांनी चेंडू जॉनी पॉड्रेसच्या हाती दिला. त्या हंगामात त्याने ९ सामने जिंकले आणि १० हरले होते. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस होता. तो जिंकला. पुढचे दोन्ही सामनेही डॉजर्सनी घेतले, सहावा यांकीजने. सगळे सातव्यावर येऊन ठेपले.

४ ऑक्टोबर, यांकी स्टेडियम, बासष्ट हजारांवर प्रेक्षक. गिल हॉजेसमुळे डॉजर्सकडे दोन धावांची आघाडी होती. सहाव्या डावात यांकीजचे दोघे बेसवर, एकही बाद नाही, आणि फलंदाजीला बेरा. तो डावखुरा, म्हणून क्षेत्ररक्षक उजवीकडे सरकलेले. त्याचा फटका मात्र डाव्या कोपऱ्यात उडाला. त्याच डावात लेफ्ट फील्डला आलेला क्यूबाचा सँडी अमोरोस जिवाच्या आकांताने धावला. तोही डावखुरा, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात. तो हात लांबवून त्याने रेषेजवळ झेल घेतला. चेंडू अमोरोसकडून पी वी रीसकडे, तिथून पहिल्या बेसवरच्या हॉजेसकडे गेला आणि फार पुढे निघून गेलेला यांकीजचा गिल मॅक्डूगल्ड परत तिथे पोचण्याआधीच बाद झाला. निकाल २-०. पॉड्रेसने नऊही डाव टाकले, यांकीजला एकही धाव दिली नाही.

ब्रुकलिन रस्त्यावर आले. पण तिकीट खिडकीवरचे आकडे वेगळेच बोलत होते. त्या हंगामात एबेट्स फील्डवर सुमारे १० लाख ३३ हजार प्रेक्षक आले, तर लीगमध्ये दुसऱ्या आलेल्या मिलवॉकी ब्रेव्ह्जकडे वीस लाख. १९१३ साली उघडलेल्या मैदानात जेमतेम बत्तीस हजार माणसे मावत. गाड्या लावायला जागा नव्हती आणि गाडी बाळगणारी कुटुंबे लाँग आयलंडकडे निघाली होती. मालक वॉल्टर ओ’मॅली यांना ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या चौकात नवे मैदान हवे होते. शहराच्या विकासाची सूत्रे हाती असलेले रॉबर्ट मोझेस त्याला तयार नव्हते. ऐन विजयी हंगामात, ऑगस्ट १९५५ मध्ये, ओ’मॅलींनी जाहीर केले की पुढल्या वर्षीचे काही सामने शेजारच्या जर्सी सिटीत होतील. हा उघड इशारा होता.

१९५६ मध्ये यांकीजने पुन्हा हरवले. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना सात हजारांहून कमी लोकांनी पाहिला आणि संघ लॉस एंजेलिसला गेला. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, तिथल्या डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली. पॉड्रेस, हॉजेस आणि स्नायडर त्या संघातही होते. ब्रुकलिनच्या खात्यात १९५५ एवढे एकच वर्ष राहिले.